पाण्यातलं वजन

हेमलता चोगले यांच्या अंगात चरबी कमी आहे, असं यंत्राने सांगितलं. ही बातमी हर्णै बंदरावर पोचली तेव्हा मासळीचा लिलाव ऐन रंगात होता, तरी बायकांनी तो जरासा थांबवून पोटभर हसून घेतलं. एकीने स्वतःच्या कमरेची वळी चिमटीत धरून विचारलं, "हेमा, यातली देऊ का थोडी? घरी न्यायला पिशवी आणलीस ना?"

एरवी हेमलता सगळ्यांत मोठ्याने हसली असती. त्या दिवशी तिने नुसती मान हलवली आणि ती बर्फाच्या कारखान्यात निघून गेली.

बावन्न वर्षांची बाई. वजन एकाहत्तर किलो. नवरा जनार्दन आणि ती मिळून बंदरावरचा बर्फाचा कारखाना चालवत. लग्न होऊन आली तेव्हापासून लोखंडी हुकाने बर्फाच्या लाद्या ओढून तिचे खांदे आणि दंड एखाद्या खलाशासारखे झाले होते. पोट मात्र चांगलं गोल होतं, आणि ते लपवायचा तिने कधी प्रयत्न केला नव्हता. पोहायची आवड लहानपणापासूनची, पण केतकी शिकायला पुण्याला गेली आणि घर रिकामं झालं, तेव्हा ती खऱ्या अर्थाने पाण्यात उतरली. आधी सुवर्णदुर्गापर्यंत, मग किल्ल्याला वळसा घालून परत. पुढे तिला कळलं की हिमाचलात सोमसर नावाचा एक तलाव आहे आणि तिथे दर वर्षी दहा किलोमीटरचं पोहणं असतं. पाणी चौदा अंश. रबरी पोशाख चालत नाही, साधा पोहण्याचा वेश घालूनच पोहायचं. कारखान्यामागच्या जुन्या हौदात बर्फ टाकून गळ्यापर्यंत बसायचा सराव तिने सुरू केला, आणि तो सराव सलग दोन हिवाळे चालला.

आता शीतजल महासंघाचा निरोप आला होता. पंचेचाळिशीपुढच्या बायकांना सोमसरमध्ये उतरायचं तर अंगात किमान अठ्ठावीस टक्के चरबी हवी. थंड पाण्यात चरबी हेच पांघरूण. दापोलीच्या केंद्रावर हेमलताची मोजणी झाली होती. आकडा आला होता चोवीस. अर्ज नामंजूर.

ज्या यंत्राने हा आकडा दिला त्याचं नाव देहमान. त्या वर्षांत ते सगळीकडे होतं. वजनकाट्यासारखी चपटी पट्टी, तिच्यावर अनवाणी उभं राहायचं, हातांत दोन मुठी धरायच्या, आणि दहा सेकंदांत समोर आकडा. व्यायामशाळेत, औषधाच्या दुकानात, पोलीस भरतीच्या मैदानावर, शाळेच्या दारात. त्यावरून औषधाची मात्रा ठरे, विम्याचा हप्ता ठरे. लग्नाच्या स्थळाच्या माहितीत उंचीच्या खाली देहमानचा आकडा लिहिलेला असे.

यंत्राचं काम तसं साधं होतं. अंगातून अगदी सौम्य, सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारी वीज सोडायची आणि तिला किती अडथळा होतो ते मोजायचं. स्नायूंमध्ये पाणी असतं, पाण्यात क्षार असतात, तिथून वीज सहज जाते. चरबीत पाणी फारसं नसतं, तिथे ती अडते. म्हणजे अडथळा कमी तर पाणी जास्त, पाणी जास्त तर स्नायू जास्त. वजनातून ते वजा केलं की उरली ती चरबी. यात खरोखर मोजलेली गोष्ट एकच, अडथळा. बाकीचा सगळा अंदाज, उंची, वजन, वय आणि एका समीकरणाच्या आधाराने बांधलेला. भारतीय माणसांसाठीचं ते समीकरण पुण्याच्या ज्या कंपनीत तयार झालं, तिथे त्या गटाची प्रमुख होती केतकी चोगले. हेमलताची एकुलती एक मुलगी.

"तुझ्याच यंत्राने आईला घरी बसवलं," जनार्दनने फोनवर सांगितलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. केतकीला तर त्यात किंचित आनंदच ऐकू आला.

"आई कुठे आहे?"

"बर्फात बसलीय. दुसरं कुठे असणार?"

मग फोन हेमलताने घेतला. "केतू, मला वाईटबिईट वाटलेलं नाही हं," ती म्हणाली, आणि तिला किती वाईट वाटलंय ते केतकीला लगेच कळलं. "फक्त खरं काय ते सांग. माझ्या अंगात चरबी नसेल तर मी जाणार नाही. मी काय मरायला निघालेय का?"

"आई, देहमान चांगलं यंत्र आहे. हजारो माणसांवर तपासलंय आम्ही."

"असेल गं. पण मी त्या बर्फात तासभर बसते आणि मग उठून भाकऱ्या थापते. हात थरथरत नाहीत माझे. ते कसं?"

केतकीने आठवडाभराची रजा टाकली. शनिवारी ती दापोलीला उतरली.

स्टँडवर जनार्दन टेम्पो घेऊन उभा होता. आसूदच्या वळणांपर्यंत तो इकडचं तिकडचं बोलत राहिला, डिझेलच्या होड्या जाऊन बॅटरीच्या आल्या त्यांचं, बर्फाच्या मागणीचं. मग त्याने गाडी कडेला घेतली.

"केतू, एक विचारू?"

"विचारा की बाबा."

"यंत्र चुकीचं असलं तरी... ते तसंच राहू दे ना." तो समोर रस्त्याकडे बघत होता. "चौदा अंश म्हणजे काय ते मला माहीत आहे. माझा आख्खा जन्म बर्फात गेलाय. थंडीने माणूस दुखून मरत नाही, त्याला नुसती झोप येते. तिला मी नाही म्हणू शकत नाही. म्हटलं कधीच नाही. आता यंत्रच नाही म्हणतंय, तर म्हणू दे."

केतकीलाही भीती वाटत होतीच. पुण्याहून निघाल्यापासून, आकडा बरोबरच निघावा असं तिलाही आतून वाटत होतं.

"आधी बघते तरी," एवढंच ती म्हणाली.

घरी पोचल्यावर जेवणाआधीच तिने आपल्याबरोबर आणलेलं प्रयोगशाळेतलं देहमान लावलं. बाजारातलं यंत्र फक्त शेवटचा आकडा दाखवतं. हे यंत्र प्रत्येक हाताचा, प्रत्येक पायाचा आणि धडाचा अडथळा वेगवेगळा दाखवत होतं. केतकी पडद्याकडे बघत राहिली. आईच्या हातांचा अडथळा तिने आजवर पाहिलेल्या कुठल्याही बाईपेक्षा कमी होता.

"काय झालं?" हेमलताने विचारलं. "बिघडलं का?"

"नाही. आई, थांब, मलाच नीट कळू दे." तिने शेंगदाण्यांची वाटी बाजूला सारून बोटाने टेबलावर रेघा ओढल्या. "समज, एक लांब बारीक पाइप, मग मोठा हौद, मग परत लांब बारीक पाइप. पाणी कुठे अडेल?"

"पाइपात."

"बरोबर. हौदात अडतच नाही. विजेचं तसंच असतं. हात-पाय म्हणजे पाइप, धड म्हणजे हौद. निम्मं वजन धडात असतं, पण सगळ्या अडथळ्यात धडाचा वाटा जेमतेम दहावा. म्हणजे यंत्र खरं तर हात-पायच बघतं आणि त्यावरून पोटाचा अंदाज करतं. सगळ्यांचं अंग साधारण एकाच मापाचं असेल तर अंदाज जमतो. तुझे हात पैलवानाचे आणि पोट..."

"बोल, बोल."

"पोट आईचं. यंत्राला वाटलं, हात असे तर सगळी बाईच अशी. पोट त्याने जवळजवळ पाहिलंच नाही."

हेमलताने दोन्ही हातांनी पोट धरलं. "एवढं मोठं दिसलं नाही त्याला?" ती म्हणाली, आणि दोन दिवसांनी पहिल्यांदा खदखदून हसली. जनार्दन मात्र उठून आत गेला.

पण ही झाली शंका. हेमलताच्या अंगात खरी किती चरबी आहे ते अजून कोणालाच माहीत नव्हतं, आणि ते शोधायची मोठी यंत्रं होती पुण्या-मुंबईला, जिथे महिनोन् महिने नंबर लागत नसे. केतकीला आठवली ती या सगळ्यांच्या आधीची, जुनी रीत. चरबी पाण्यावर तरंगते, हाडं आणि मांस बुडतं. माणसाला पूर्ण पाण्याखाली बसवून तोललं, तर जितकं वजन कमी भरेल तितकी चरबी जास्त. त्यासाठी लागतो एक हौद आणि एक नेमका काटा. बर्फाच्या कारखान्यात हौद होता. काटा शेजारच्या मासळीच्या शेडमधून आला. शेवंडं, म्हणजे मोठे समुद्री झिंगे, फार महाग, म्हणून ती तोलायला दहा ग्रॅमचा फरक दाखवणारा टांगता काटा तिथे असतो.

एकच अडचण होती, हवा. कितीही श्वास सोडला तरी फुप्फुसांत थोडी हवा राहतेच, आणि तेवढ्या हवेने माणूस तरंगतो. दापोलीत फुप्फुसांच्या एका डॉक्टरांकडे ती मोजायचं यंत्र होतं. सोमवारी मायलेकी तिथे जाऊन आल्या. दीड लिटर.

मंगळवारी दुपारी हौदात साधं पाणी भरलं. छताच्या कडीला काटा, काट्याला साखळी, साखळीला प्लॅस्टिकची खुर्ची, आणि खुर्ची तरंगू नये म्हणून तिच्या पायांना जाळ्याची शिसं बांधलेली. तेवढं वजन काट्यावर शून्य करून घेतलं. केतकी छातीइतक्या पाण्यात उभी राहून खुर्ची स्थिर धरणार होती. तिथून काट्याचा पडदा दिसत नव्हता. तो दिसत होता फक्त वर फळीवर बसलेल्या जनार्दनला.

"बाबा, नीट ऐका," केतकी म्हणाली. "यंत्र बरोबर असेल तर पाण्याखाली आईचं वजन अठराशे ग्रॅमच्या आसपास भरेल. बाराशेच्या खाली आलं, तर तिच्या अंगात नियमापेक्षा जास्त चरबी आहे."

"म्हणजे मी बाराशेच्या वर भरले तर घरी," हेमलता म्हणाली.

"हो."

तिने नवऱ्याकडे एकदा वर बघितलं. नाक चिमटीत धरून, सगळा श्वास बुडबुड्यांनी सोडत ती पाण्याखाली गेली.

साखळी थोडी डुलली आणि थांबली. जनार्दनने पडद्याकडे पाहिलं. आकडे हलत होते, मग तेही थांबले. तो नुसता बघत राहिला.

"बाबा, किती?"

त्याने पडद्यावरून नजर काढून खाली पाहिलं. खाली पाण्यात हेमलताचे केस पसरले होते.

"बाबा!"

"सातशे वीस," तो म्हणाला. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "सातशे वीस ग्रॅम."

हेमलता वर आली, तोंडावरचं पाणी निपटत. "किती?"

"सातशे वीस," जनार्दन तिसऱ्यांदा म्हणाला. "एका पापलेटाएवढी भरलीस."

त्यांनी आणखी पाच-सहा वेळा मोजलं. आकडा सातशेच्या आगेमागेच राहिला. केतकीने ओल्या हातांनीच हिशेब केला. साधारण एकतीस टक्के, दीड-दोन इकडेतिकडे.

संध्याकाळी केतकी ओट्यावर बसली होती तेव्हा आतून दोघांचं बोलणं ऐकू आलं.

"दुसरा आकडा सांगायचा होतात," हेमलता म्हणत होती. "मला कुठे कळलं असतं?"

"मनात आलं होतं."

"मग?"

"तू पाण्यात होतीस. नाक दाबून, माझ्या भरवशावर." तो पुढे म्हणाला, "मी पण येणार सोमसरला. होडीत मीच बसणार. दुसऱ्या कोणाला बसू देणार नाही."

त्या रात्री केतकीला आनंदाने झोप लागायला हवी होती. पण उशीवर डोकं टेकल्यावर तिला हिशेबाची दुसरी बाजू दिसली. दणकट हातापायांच्या माणसाला यंत्र कमी चरबीचं ठरवत असेल, तर बारीक हातापायांच्या माणसाला ते जास्त चरबीचं ठरवणार. म्हणजे काही जणींना सोमसरमध्ये उतरायची परवानगी मिळाली असेल, जी मिळायला नको होती.

सकाळी उठल्या उठल्या तिने महासंघाने निवडलेल्या पोहणाऱ्यांची छायाचित्रं पाहिली. नागपूरची शलाका भोयर, वय एकोणीस. लहान वयासाठी हद्द कमी होती आणि तिचा आकडा होता चांगला अठ्ठावीस. फोटोत ती तलावाच्या काठावर उभी होती, बगळ्यासारखे लांब सडसडीत हात-पाय घेऊन. हेमलताने फोटो बघितला. "ही अठ्ठावीस?" ती म्हणाली. "हिला आधी जेवायला घाल." मग तिला आठवलं, पोहणाऱ्यांच्या गटावर एकीने तिला सल्ला दिला होता. मोजणीच्या आदल्या दिवशी पाणी पिऊ नका, अंग कोरडं पडलं की अडथळा वाढतो, आकडा चढतो. "मी नाही केलं. तहानलेलं जाऊन काय मिळवायचं? पण पोरी करत असतील."

केतकीने कंपनीत फोन लावला. कंपनीचा मालक अभिराम नगरकर हा उमदा माणूस होता, केतकीला त्यानेच कॉलेजातून उचलून आणलं होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"एका बाईवरून समीकरण बदलायचं?"

"एका नाही, सर. समीकरण आपण ज्यांच्यावर बसवलं ती सगळी शहरातली, खुर्चीत बसून काम करणारी माणसं. सरासरीला ते बरोबरच येतं. पण प्रत्येक माणसाला सात-आठ टक्क्यांची चूक होऊ शकते. आपण एक आकडा दाखवतो. आपण पट्टा दाखवायला हवा. आईसारख्या बांध्याला चोवीस नाही, चोवीस ते तेहतीस."

"केतकी, आपण आकडा विकतो. 'साधारण इतकं' कोण विकत घेणार?"

"सोमसर सहा आठवड्यांवर आहे."

"बघू. पुढच्या तिमाहीत घेऊ."

तिने फोन ठेवला. मग महासंघात सोमसरचं पोहणं बघणाऱ्या नेगीसाहेबांना स्वतःच्या नावाने लिहिलं. देहमानचं समीकरण माझं आहे, आणि थंड पाण्यात कोणाला उतरू द्यायचं हे त्यावरून ठरवू नका. आईचं नाव तिने त्यात घातलं नाही. नोकरी जाईल, हे तिने गृहीतच धरलं होतं.

चौथ्या दिवशी अभिराम नगरकर स्वतः हर्णैला हजर झाला. गाडीतून उतरला तो तापलेलाच. पण कारखान्यामागे आला आणि थबकला. हौदाभोवती बंदरावरच्या पंचवीस-तीस बायका जमल्या होत्या. केतकीने सगळ्यांना मोजायला बोलावलं होतं, आणि त्यांनी त्याची जत्राच करून टाकली होती. कोणी डबे आणले होते, कोणी फुप्फुसं मोजून घ्यायला दापोलीला टेम्पोने जाऊन आल्या होत्या. पाण्याखालून कोणी वर आलं की वजन ऐकून त्या ओरडत, "मोठी सुरमई!" "ही तर बोंबीलच!"

"साहेब, तुमचा आकडा किती?" हेमलताने विचारलं.

"अठरा," अभिराम म्हणाला. तो देशाला माहीत होता. कंपनीच्या जाहिरातीत तो सायकल घेऊन उभा असे आणि खाली लिहिलेलं असे, 'माझं देहमान अठरा.'

"मग उतरा ना."

तो नाही म्हणाला, पण तीस कोळणींपुढे नाही म्हणणं सोपं नसतं. जनार्दनची अर्धी चड्डी त्याला दिली गेली. सायकल चालवून त्याच्या मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या, आणि शर्टाखाली जे होतं ते बायकांनी बघितलं आणि सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं. फुप्फुसांतली हवा वयावरून आणि उंचीवरून धरली. तो पाण्याखाली गेला, वर आला, पुन्हा गेला. केतकीने हिशेब मांडला.

"सर, हवेचा अंदाज धरलाय, त्यामुळे तीन-चार टक्के इकडेतिकडे. पण साधारण सत्तावीस."

अभिराम हौदाच्या काठावर निथळत बसला. खाली मान घालून त्याने आपलं पोट बघितलं, जणू ते आत्ताच तिथे आलं होतं. "बायको म्हणत होती," तो म्हणाला. "मी तिला यंत्र दाखवायचो."

आधी एक बाई फिसकन हसली, मग तो स्वतःच हसायला लागला. जेवायला तो थांबला. तिसऱ्या भाकरीच्या वेळी त्याने केतकीला विचारलं, "पट्टा दाखवायचा तर पडदा बदलावा लागेल ना?"

"पडदा तोच चालेल. समीकरण बदलावं लागेल. आणि माणसं मोजायला हवीत, सगळ्या कामांची, सगळ्या बांध्यांची."

"कोण फिरणार एवढं?"

"मी," केतकी म्हणाली.

महिन्याच्या आत देहमानच्या पडद्यावर एका आकड्याच्या जागी दोन आकडे दिसायला लागले. सुरुवातीला लोक वैतागले. विमा कंपन्यांनी पत्रं पाठवली, कोणीतरी खटल्याची धमकी दिली. नेगीसाहेबांनी फोन करून हिंदीत विचारलं, "चोवीस ते तेहतीस म्हणजे मी या बाईंना घेऊ की नको?" केतकी म्हणाली, "ते यंत्र सांगू शकत नाही, साहेब. पाणी सांगेल." नेगीसाहेब म्हणाले, देहमान यायच्या आधी आम्ही सगळ्यांना दोन तास तलावात पोहायला लावायचो, डॉक्टर समोर ठेवून. तेच पुन्हा करू.

सोमसरच्या काठावर चाचणी झाली, स्पर्धेच्या चार दिवस आधी. हेमलता दोन तास पोहून बाहेर आली तेव्हा तिचे ओठ जांभळे होते आणि डॉक्टरांच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं ती प्रश्न संपायच्या आत देत होती. शलाका भोयरला पंचेचाळीस मिनिटांनी बाहेर काढावं लागलं. तिला स्वतःचं नाव नीट सांगता येत नव्हतं. डॉक्टरांनी तिला तंबूत नेऊन तिच्या अंगावर रजया घातल्या.

शुद्धीवर आल्यावर शलाका रडली, आणि मग केतकीवर उखडली. "तुमच्यामुळे गेलं माझं वर्ष!"

"वर्षच गेलं," तंबूच्या कोपऱ्यातून हेमलता म्हणाली. ती हातातला चहा घेऊन आली आणि पोरीच्या शेजारी बसली. "हर्णैला ये माझ्याकडे. हौद आहे, बर्फ आहे. मी तुला थंडी शिकवते, आणि माझी मुलगी तुला खाऊ घालेल." शलाकाने नाक पुसलं. त्या वर्षी ती रबरी पोशाखातल्या तीन किलोमीटरच्या गटात पोहली आणि पहिली आली.

दहा किलोमीटरला अकरा जण उतरले. हेमलताबरोबरच्या होडीत जनार्दन आणि केतकी. अर्ध्याअर्ध्या तासाने तो लांब काठीला बांधलेल्या पेल्यातून आल्याचं गरम, गोड पाणी तिच्यापुढे धरत होता. नियम असा की तिने होडीला हात लावायचा नाही आणि होडीतल्यांनी तिला. तो एकसारखा तिच्याशी बोलत होता. कारखान्याचं, शेजाऱ्यांचं, नव्या होडीचं, काहीही. मध्येच विचारत होता, "आपल्या लग्नात जेवायला काय होतं?" आणि तिने वैतागून उत्तर दिलं की त्याचे खांदे खाली येत होते.

सातव्या किलोमीटरनंतर वारा फिरला. बर्फाच्या डोंगरांवरून आलेली हवा पाण्यावर लहान लहान लाटा उठवायला लागली. हेमलताचे हात मंदावले. आईने सकाळी गिळलेल्या मापक गोळीकडून तिच्या अंगातल्या उष्णतेचा आकडा केतकीच्या मनगटावरच्या घड्याळात येत होता, तो हळूहळू उतरत होता. अजून धोक्याच्या वर होता, पण उतरत होता.

"केतू, काय म्हणतोय आकडा?" जनार्दनने हळूच विचारलं.

"पस्तीस पूर्णांक आठ. बाबा, तुम्ही सांगाल तर थांबवू."

जनार्दनने पाण्याकडे बघितलं. "हेमा!" त्याने हाक मारली. "आपल्या कारखान्याचं पहिलं गिऱ्हाईक कोण?"

हात चालवता चालवता, पाणी थुंकत तिचा आवाज आला, "तुमचाच भाऊ! आणि पैसे अजून दिले नाहीत त्याने!"

"पोहू दे तिला," जनार्दन म्हणाला.

पलीकडचा किनारा दगडांचा होता. नियमाप्रमाणे पाण्याबाहेर तिने स्वतःच्या पायांनी यायचं होतं, तोवर कोणी हात लावायचा नाही. जनार्दन आधीच उतरून काठावर उभा होता, दोन्ही हातांत घोंगडी पसरून. हेमलता गुडघ्याएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि पाय घसरून बसली. तो पुढे धावला, आणि नेगीसाहेब ओरडले, "नहीं, नहीं!" तो जागीच थिजला, घोंगडी तशीच पसरलेली. हेमलताने दगडाला धरलं, उठली, पुन्हा घसरली, पुन्हा उठली. एकेक पाय चाचपत ती आली. शेवटचा ओला दगड ओलांडला, कोरड्या रेतीवर दोन्ही पाय टेकवले, आणि सगळं अंग नवऱ्यावर टाकून दिलं.

ती अकरांमध्ये नववी आली होती. टाळ्या वाजत होत्या. तिचे दात इतके वाजत होते की तिला काय म्हणायचंय ते कोणालाच कळेना. केतकीने कान तिच्या तोंडाशी नेला.

"काय म्हणतेय?" जनार्दनने घाबरून विचारलं. "काय होतंय तिला?"

"भूक लागलीय म्हणते," केतकी म्हणाली.

गावातल्या बायकांनी चुलीवर राजमा आणि भात शिजवून ठेवला होता. हेमलताने घोंगडीतून एक हात बाहेर काढला आणि ताट ओढून घेतलं. पहिलं ताट संपेपर्यंत तिचे दात वाजायचे थांबले. दुसऱ्या ताटावर ती त्या बायकांना खुणांनी विचारत होती की राजम्यात काय काय घातलंय. जनार्दन शेजारी बसून तिचे पाय चोळत होता. तिसरं ताट तिने त्याच्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, "तुम्ही पण जेवा आता. सकाळपासून काही खाल्लं नाहीत."